परसातली सॉ मिल

अमेरिकेत घर आणि घरामागे थोडीफार झाडी असलेल्या मराठी कुटुंबाला झाडाचा खरा हिशेब कळतो तो झाड पडल्यावर. वादळात ओक आडवा होतो, झाडं तोडणारे येतात, आकडा सांगतात. त्या आकड्यात फांद्यांचा चुरा करणं आणि खोड उचलून नेणं धरलेलं असतं. म्हणजे आपलंच लाकूड नेण्याबद्दल आपणच पैसे मोजायचे. मग पुढच्या शनिवारी पुस्तकांच्या कपाटासाठी ओकच्या चार फळ्या आणायला दुकानात जायचं आणि त्याच जातीच्या लाकडाचे पुन्हा पैसे द्यायचे. या दोन बिलांच्या मधलं काम घरी करता येईल का, असा प्रश्न ज्यांना पडला आहे त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. काम घरी करता येतं. मात्र लोकांच्या डोळ्यांसमोर असतं ते काम वेगळं आणि प्रत्यक्षात करावं लागतं ते वेगळं, एवढं आधीच सांगून ठेवणं हे प्रस्तावना लिहिणाऱ्याचं कर्तव्य.

डोळ्यांसमोर असते ती करवत. फिरणारं पातं, उडणारा भुसा, ओंडक्यातून सुटून आलेली पहिली फळी. या विषयातलं सगळं आकर्षण तिथे एकवटलेलं आहे आणि यंत्रं विकणारेही तेच दाखवतात. पण परसातल्या सॉ मिलमध्ये करवत हा सर्वांत सोपा भाग. खरी झुंज असते दोन गोष्टींशी, आधी वजनाशी आणि नंतर पाण्याशी. ओंडका करवतीपर्यंत आणणं आणि कापलेली फळी वाळवणं या दोन टोकांना जो कंटाळत नाही त्याचंच लाकूड कामी येतं. बाकीच्यांचं शेकोटीत जातं.

लाकूड येतं कुठून, हे आधी पाहू. अमेरिकेतल्या जंगलजमिनीपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त जमीन साध्या कुटुंबांच्या मालकीची आहे. आपल्याकडे जंगल म्हटलं की वनखातं आठवतं, तिकडे शेजारचा निवृत्त शाळामास्तर आठवतो. त्यात गेल्या वीस-बावीस वर्षांत एका किड्याने भर घातली. २००२ मध्ये मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ आशियातून आलेला एक हिरवा चकचकीत भुंगा सापडला, जेमतेम अर्धा इंच लांबीचा, नाव एमराल्ड अ‍ॅश बोरर. त्याने अ‍ॅश जातीची कोट्यवधी झाडं मारली आणि आज तो पस्तीसहून जास्त राज्यांत पसरला आहे. मेलेल्या अ‍ॅशची साल ओढून काढली की खाली नागमोडी वाटांचं जाळं दिसतं. अळीने साल आणि लाकूड यांच्यामधला जिवंत थर खाल्लेला असतो, आणि झाड मरतं ते त्यानेच. आतलं लाकूड मात्र बहुतेक शाबूत राहतं: पांढरट, चिवट, सरळ रेषांचं, ज्याच्या बेसबॉलच्या बॅटा होत तेच. असं झाड वेळेत उतरवलं तर उत्तम फळ्या, दोन-तीन वर्षं उभं राहू दिलं तर ठिसूळ आणि तोडणाऱ्याच्या जिवावर उठणारं. ओहायो, मिशिगन, पेनसिल्व्हानियात घरगुती सॉ मिल घेतलेल्यांपैकी अनेकांची सुरुवात या मेलेल्या अ‍ॅशपासून झाली आहे.

दुसरा पुरवठादार वादळ. १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवातल्या सीडर रॅपिड्स शहरावरून सुसाट वाऱ्याची भिंत गेली आणि शहराच्या वृक्षछत्रापैकी निम्म्याहून अधिक नाहीसं झालं. त्याआधीचं मोठं उदाहरण २१ सप्टेंबर १९३८चं. त्या चक्रीवादळाने न्यू इंग्लंडमध्ये अडीचशे कोटी बोर्ड फुटांच्या (या मापाचा हिशेब पुढे येतो) आसपास लाकूड आडवं केलं. ते सडू नये, पेटू नये, किड्यांच्या तोंडी जाऊ नये म्हणून सरकारने ओंडके तळ्यांत ढकलून ठेवले. पाण्यात बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही आणि बुरशीचं काही चालत नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये काँकर्डजवळच्या टर्की पाँड या तळ्यात असे पाइनचे ओंडके साठले होते. पुढे दुसरं महायुद्ध आलं, पुरुष सैन्यात गेले, आणि १९४२-४३ मध्ये तिथल्या एका सॉ मिलचं काम डझनभर स्त्रियांनी चालवलं. तळ्यातून ओंडके ओढण्यापासून फळ्यांची थप्पी रचण्यापर्यंत सगळं त्या करत. या कामाला राक्षसी ताकद लागते असं कोणी म्हणालं तर त्याला टर्की पाँडची हकिगत सांगावी. ताकदीपेक्षा इथे तरफ, उतार आणि सावकाशपणा लागतो.

आपल्या अंगणातलं झाड तोडून आपणच कापायचं, याचं महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला थोडं नवल वाटतं, आणि ते साहजिक आहे. आपल्याकडे स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही १९६४च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, सॉ मिलला वनखात्याचा परवाना लागतो, आणि जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात १९९६पासून सर्वोच्च न्यायालयाचे जे आदेश निघत गेले त्यांनी ही पकड आणखी घट्ट केली. राजसत्तेची चांगल्या लाकडावरची नजर जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं आणावं हे सांगताना आंबा-फणसाला हात लावू नका, ही झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं बजावलं आहे. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच तर धन्याला राजी करून, त्याचा मोबदला देऊन. ईस्ट इंडिया कंपनीला एवढी माया नव्हती. तिने १८०६ मध्ये मलबारच्या सागावर कॅप्टन वॉटसनला वनसंरक्षक म्हणून बसवलं ते जहाजांच्या लाकडासाठीच. आणि नेमकी हीच गोष्ट अमेरिकेत त्याआधी घडून गेली होती. इंग्रज राजाला डोलकाठ्यांसाठी पांढरा पाइन हवा होता. १७२२च्या कायद्याने न्यू हॅम्पशायरमध्ये १२ इंचांहून जाड पाइन राजाचे ठरले. १७७२ मध्ये वीअर गावच्या सॉ मिलवाल्यांना त्यावरून दंड झाला तेव्हा गावकऱ्यांनी पकडायला आलेल्या शेरिफला छड्यांनी बडवून गावाबाहेर काढलं. आज तिथे आपल्या झाडाची आपण फळी करतो यात कोणाला काही वाटत नाही, त्यामागे एवढा इतिहास आहे. तरी बेबंदशाही समजू नये. गावागावांचे वृक्षनियम, पाणथळ जागांचे नियम, वसाहतीच्या सोसायटीचे आवाजाबद्दलचे नियम असतात, आणि किडीच्या भीतीने सरपण एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यावर अनेक राज्यांत बंदी आहे. गावाच्या कचेरीत एकदा विचारून घ्यावं.

आता वजन. २० इंच व्यासाचा, ८ फूट लांबीचा ताजा रेड ओकचा ओंडका घ्या. दिसायला फार मोठा नाही. वजन भरतं सुमारे ५०० किलो. तो जंगलाच्या कडेपासून परसापर्यंत शंभर पावलं आणायचा आहे आणि तुमच्याकडे बैलजोडी नाही. पहिला विचार मनात येतो तो साखळी बांधून गाडीने ओढत नेण्याचा. ओढता येतोही, पण ओंडक्याचं पुढचं टोक जमिनीत रुततं, माती नांगरत जातं, आणि वाटेतली वाळू, खडे सालीच्या भेगांत घट्ट बसतात. याची किंमत नंतर चुकवावी लागते, कारण करवतीच्या दातांची धार लाकडापेक्षा मातीने लवकर जाते. मळक्या सालीच्या एका ओंडक्याला पंचवीस-तीस डॉलरचं पातं बोथट होतं आणि बोथट पातं फळीत लाटा काढतं. म्हणून ओंडक्याचं पुढचं टोक उचलून न्यायचं. त्यासाठी दोन चाकांची कमानीसारखी लोखंडी गाडी मिळते. ती ओंडक्यावर उभी करायची, साखळीने टोक वर घ्यायचं आणि लहान ट्रॅक्टरला किंवा चारचाकी एटीव्हीला जोडायचं. वजनाचा मोठा वाटा चाकांवर येतो आणि जमीनही कमी उखडते. उत्तरेकडच्या राज्यांत जाणते लोक हे काम थंडीत करतात. जमीन गोठलेली असते, वर बर्फाचा थर असतो, ओंडका स्वच्छ येतो आणि बुरशी झोपलेली असते.

ओंडका लोळवायला एक हत्यार हवंच: लांब लाकडी दांडा आणि त्याला बिजागरीवर हलणारा लोखंडी आकडा. आकडा सालीत रुततो, दांडा तरफेचं काम करतो, आणि पाचशे किलोचा ऐवज एकटा माणूस फिरवू शकतो. त्याचा सुधारलेला अवतार १८५०च्या दशकात मेन राज्यातल्या स्टिलवॉटर गावच्या जोसेफ पीव्ही या लोहाराने घडवला, आणि आजही ते पीव्ही नावानेच विकलं जातं. पावणेदोनशे वर्षांत त्यात सुधारण्यासारखं फारसं काही कोणाला सापडलेलं नाही.

इथे एक गंभीर गोष्ट. अमेरिकी सरकारच्या आकडेवारीत लाकूडतोड हा सर्वांत जीवघेण्या व्यवसायांपैकी एक आहे. २०२२ मध्ये दर १ लाख लाकूडतोड्यांमागे सुमारे १०० जण कामावर मेले. सगळ्या व्यवसायांची सरासरी ४च्याही आत होती. हे रोज तेच काम करणाऱ्या लोकांचे आकडे आहेत, शनिवार-रविवारच्या हौशी माणसाचे नाहीत. उभं झाड, विशेषतः मेलेला अ‍ॅश, पाडण्याचं काम माहीतगाराला पैसे देऊन करून घ्यावं, त्यात कमीपणा नाही. आडव्या झाडावर काम करतानाही शिरस्त्राण, कान-डोळ्यांचं संरक्षण आणि साखळी-करवत मांडीत घुसू न देणारी विजार अंगावर हवी. उतारावर ओंडक्याच्या खालच्या बाजूला उभं राहायचं नाही, ताणलेल्या साखळीच्या रेषेत थांबायचं नाही. पुढे एक सबंध प्रकरण यावर आहे. ते वगळणाऱ्याने बाकीचं पुस्तकही वाचू नये.

यंत्रांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलणारे भरपूर आहेत. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे साखळी-करवतीला बसणारी चौकट, जिला अलास्कन मिल म्हणतात. एलॉफ ग्रॅनबर्ग यांनी ती बनवली. चौकट दोन-तीनशे डॉलरची, पण तिला जोडायची करवत दणकट लागते आणि ती महाग असते. ही मिल ओंडक्यापाशी नेता येते, म्हणजे वजनाचा प्रश्नच मिटतो, हा तिचा मोठा गुण. दुसरा मार्ग पट्टी-करवतीची मिल. १९८२ मध्ये इंडियानापोलिसला वूड-मायझर ही कंपनी सुरू झाली आणि पातळ पात्याची, गाडीमागे जोडून नेता येणारी सॉ मिल साध्या माणसाच्या आवाक्यात आली. त्याआधी शेतकऱ्याकडे असे ती ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर चालणारी, माणसाच्या उंचीची गोल करवत. आज लहान पट्टी-करवत मिल तीन-चार हजार डॉलरपासून मिळते. दोन्हींतला फरक भुशात दिसतो. साखळी-करवत दर कापाला साधारण ३/८ इंच लाकूड खाते, म्हणजे इंचाच्या आठ फळ्या काढल्या की तीन फळ्यांएवढा भुसा. पट्टीच्या पात्यात आठ फळ्यांमागे एक फळीसुद्धा पुरती जात नाही.

मोजमापाची एक गंमत सांगायला हवी, कारण तिथे भलेभले फसतात. आपल्या वखारीत हिशेब घनफुटाचा, तिकडे बोर्ड फुटाचा: एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. बारा बोर्ड फुटांचा एक घनफूट. इथवर ठीक. पण अख्ख्या ओंडक्यातून किती बोर्ड फूट निघतील याची कोष्टकं अनेक आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. एकोणिसाव्या शतकातलं डॉइल कोष्टक म्हणतं, १६ इंच व्यासाच्या, १६ फुटी ओंडक्यातून १४४ बोर्ड फूट निघतील. १९०६चं इंटरनॅशनल कोष्टक म्हणतं १८०. व्यास ८ इंचांवर आला की डॉइल फक्त १६ देतं आणि इंटरनॅशनल ४०. डॉइलचं सूत्र व्यासातून सरसकट चार इंच वजा करतं, बारीक ओंडक्याच्या मालकाला ते मारून जातं. ओंडके विकत घेणारा डॉइलने मोजतो यात नवल काय! विकताना कोणत्या कोष्टकाने मोजणार हे आधी विचारा. आणि आपल्या परसात कापणार असाल तर डॉइलने सांगितलेल्याहून जास्त लाकूड निघालं म्हणून स्वतःच्या कौशल्यावर खूश होऊ नका.

आता प्रत्यक्ष कापणी. ओंडका मिलच्या आडव्या पट्ट्यांवर चढतो, खुंट्यांनी पक्का होतो. पहिला काप वरून सालीसकट एक पातळ पाठ काढून टाकतो आणि खाली पहिल्यांदा लाकूड उघडं पडतं. इथे क्षणभर थांबून बघावं. वर्षांची वलयं कापली जाऊन लांब कमानींच्या आकृत्या झालेल्या दिसतात, मधोमध गाभ्याचा गडद पट्टा, कडेने फिकट नवं लाकूड. ओकमध्ये कधी एखादा निळसर काळा डाग लांबवर पसरलेला दिसतो. तो दिसला की पातं थांबवायचं. ओकमधल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग झाला की तो रंग येतो, म्हणजे आत कुठेतरी खिळा आहे: पन्नास वर्षांपूर्वी कोणी झोपाळा टांगला असेल, कुंपणाची तार ठोकली असेल, आणि झाडाने ती गिळून वर लाकूड चढवलं असेल. मोठ्या सॉ मिल घरांजवळची झाडं घेत नाहीत त्याचं कारण हेच. डाग नसेल तर ओंडका काटकोनात फिरवून दुसरी बाजू, मग तिसरी, चौथी, आणि राहिलेल्या चौकोनी ठोकळ्याच्या फळ्या. झाड उतारावर वाकून वाढलेलं असेल तर लाकडात ताण साठलेला असतो. फळी सुटताक्षणी धनुष्यासारखी वर उचलते आणि मनातलं कपाट तिथेच मोडतं. अशा ओंडक्याची सुताराकडून समजूत निघत नाही. त्याचं सरपण करावं.

फळ्या निघाल्या की मंडळी फोटो काढतात आणि काम संपलं असं मानतात. निम्मं काम इथून पुढे आहे. ताज्या रेड ओकच्या वजनात चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी असतं. मघाच्या ५०० किलोच्या ओंडक्यात दोनशे किलोंहून जास्त पाणी होतं, तेच आपण ओढत आणलं. ते आता जायला हवं, पण सावकाश आणि सगळीकडून सारखं. लाकूड टोकांकडून सर्वांत वेगाने वाळतं, म्हणून टोकं आकसतात, मधला भाग आकसत नाही, आणि उभ्या चिरा पडतात. यावर उपाय टोकांना मेणाचा लेप, आणि तो झाड आडवं झाल्या दिवशीच. चिरा दिसल्यावर लेप लावणं म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. शिवाय लाकूड वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या निम्मंच गाभ्याकडे जाणाऱ्या दिशेने आकसतं. रेड ओकचे आकडे ८.६ आणि ४ टक्के असे आहेत. फळी वाटीसारखी होते, पिळते, त्याचं मूळ या असमान आकसण्यात आहे.

म्हणून थप्पी रचण्याला महत्त्व. जमिनीपासून फूटभर उंच, अगदी समतल पाया. दोन फळ्यांच्या थरांमध्ये दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, सगळ्या एकाखाली एक, ओळंब्यात. वर पत्रा आणि पत्र्यावर वजन. बाजू वाऱ्याला मोकळ्या. पट्टी ओळ सोडून लागली तर फळीला तिथे कायमचा बाक येतो. इंचभर जाडीला एक वर्ष असा ठोकताळा आहे. पाइन काही महिन्यांत वाळतो, जाड ओक ठोकताळ्याला जुमानत नाही. एवढं करूनही अमेरिकेच्या पूर्व भागात उघड्यावर वाळलेलं लाकूड १२ ते १५ टक्के ओलाव्यावर थांबतं. हिवाळ्यात हीटर चालणाऱ्या घरात मात्र ते ६ ते ८ टक्क्यांपर्यंत उतरतं. कोकणातल्या माणसाला पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारं दार माहीत आहे. इथे त्याच्या उलट, जानेवारीत टेबल आकसतं. तीन फूट रुंदीचं ओकचं टेबल १४ वरून ७ टक्क्यांवर आलं तर जवळजवळ एक इंच कमी भरतं, आणि खालच्या चौकटीला घट्ट स्क्रू मारले असतील तर मधोमध तडकतं. शेवटचा ओलावा काढायला भट्टी लागते. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने उन्हावर चालणारी साधी भट्टी आखून दिली आहे: उताराचं पारदर्शक छत, आत काळा पत्रा, दोन पंखे. ती घरी बांधता येते. आणि खोलात जायचं असेल त्यांच्यासाठी विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला १९१० पासून सरकारची लाकूड-प्रयोगशाळा आहे. तिचं लाकडावरचं जाडजूड हस्तपुस्तक फुकट मिळतं आणि या विषयात त्याच्या तोडीचं दुसरं नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं एक उत्तर जॉर्ज नाकाशिमा यांच्या कामात आहे. अमेरिकेत जन्मलेले हे जपानी वंशाचे वास्तुविशारद १९३०च्या दशकात पाँडिचेरीला अरविंद आश्रमाच्या गोलकोंड या इमारतीच्या कामावर होते. आश्रमात त्यांचं नाव सुंदरानंद. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयडाहोच्या छावणीत स्थानबद्ध असताना एका जपानी सुताराकडून ते हातकाम शिकले आणि पुढे पेनसिल्व्हानियात न्यू होपला त्यांनी कार्यशाळा उभारली. ओंडका कसा चिरायचा हे ते स्वतः उभं राहून ठरवत आणि एका ओंडक्याच्या फळ्या त्याच क्रमाने जपून ठेवत. फळीची साल उतरलेली नैसर्गिक कड तशीच राखलेली टेबलं आज जागोजागी दिसतात, त्या पद्धतीला प्रतिष्ठा दिली ती त्यांनी. दुकानातल्या फळीबरोबर हा निर्णय मिळत नाही. ओंडका कुठून उघडायचा हे ठरवण्याचा अधिकार परसातल्या सॉ मिलमध्ये आपला असतो, आणि माझ्या मते तेवढ्यासाठी हा उपद्व्याप करण्यासारखा आहे.

पैसे वाचतील म्हणून कोणी यात पडणार असेल तर त्याला मी अडवेन. मे २०२१ मध्ये बांधकामाच्या लाकडाचा वायद्याचा भाव हजार बोर्ड फुटांना १६०० डॉलरच्या वर गेला तेव्हा पुष्कळांनी घाईघाईने मिल घेतल्या. पुढे भाव उतरले आणि यंत्रं ताडपत्रीखाली गेली. शिवाय घराच्या सांगाड्यात वापरायच्या लाकडावर बहुतेक ठिकाणी प्रतवारीचा शिक्का लागतो. न्यू हॅम्पशायर, विस्कॉन्सिनसारख्या काही राज्यांनी स्थानिक लाकडाला सवलत दिली आहे, बाकी ठिकाणी आपली फळी शेड, कुंपण आणि फर्निचर एवढ्यावरच थांबते.

आधी यंत्र घेणं म्हणजे आधी कळस मग पाया. पहिल्या झाडासाठी आकड्याचा दांडा, मेणाचा डबा आणि थप्पीसाठी सावलीतली समतल जागा एवढंच लागतं. कापायला फिरती सॉ मिल घेऊन येणारा माणूस बहुतेक तालुक्यांत मिळतो, तासावर किंवा बोर्ड फुटावर पैसे घेतो. त्याच्या हाताखाली एक दिवस ओंडके लोळवा, फळ्या उचला. वर्षभर थप्पी सांभाळून, मग तिच्यातून एखादं बाक बनवून झाल्यावरही उत्साह टिकला तर यंत्राचं प्रकरण उघडा. आणि हे वाचताना तुमच्या अंगणात ताजा ओंडका पडलेला असेल, तर पुस्तक खाली ठेवा आणि आधी त्याच्या दोन्ही टोकांना मेण लावून या.